पावसाची मोजदाद आणि बेटांवरील अवर्षण

नवी दिल्लीतील लोधी मार्गावर मौसम भवन नावाची इमारत आहे. भारतीय हवामान विभागाचे हे मुख्य कार्यालय होय. देशाच्या कानाकोपऱ्यांत मोजलेल्या पावसाचे आकडे दररोज येथे येऊन पोहोचतात, त्यांची छाननी होते आणि त्यांवरून सबंध देशाच्या पर्जन्यमानाचे चित्र तयार केले जाते. या कामासाठी देशाचे ३६ हवामान उपविभाग पाडण्यात आले आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला यांपैकी कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार उपविभाग येतात. दिल्लीचा समावेश हरियाणा व चंडीगढ यांच्यासह एका उपविभागात होतो. या यादीत दोन उपविभाग असे आहेत की, ज्यांना मुख्य भूमीचा स्पर्शही नाही. एक बंगालच्या उपसागरातील अंदमान व निकोबार बेटांचा आणि दुसरा अरबी समुद्रातील लक्षद्वीपचा.

या दोन द्वीपसमूहांवर भरपूर पाऊस पडतो. पोर्ट ब्लेअर येथे (२०२४ पासून या शहराचे अधिकृत नाव श्रीविजयपुरम असे आहे) वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस होतो. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर तो १,६०० मिलिमीटरच्या आसपास असतो. मराठवाड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरीने साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे बेटांवरील हे प्रमाण किती मोठे आहे याची कल्पना येईल. आणि तरीही जानेवारी ते एप्रिल या काळात याच बेटांवर पिण्याच्या पाण्याची टंचाई भासते. आकड्यांनुसार पाऊस ‘सरासरीइतका’ असतो आणि घरातील घागर मात्र रिकामी असते. असे का घडते, हे समजून घ्यावयाचे असेल तर पाऊस कसा मोजला जातो, त्याची सरासरी कशी काढली जाते आणि त्या सरासरीवरून अवर्षणाचा निर्णय कसा होतो, हे क्रमाने पाहावे लागेल.

मोजणीची परंपरा

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्या देशात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी सुमारे हातभर रुंद तोंडाचे पात्र ठेवून पाऊस मोजावा, असे सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर निरनिराळ्या प्रदेशांत किती पाऊस पुरेसा समजावा याचे कोष्टकही तेथे आहे. कोरड्या प्रदेशासाठी १६ द्रोण, अवंती देशासाठी २३ द्रोण, तर अपरान्त म्हणजे आजच्या कोकणासाठी पावसाला मापच नाही, असे कौटिल्याने नमूद केले आहे. प्रत्येक प्रदेशाचा पाऊस त्याच प्रदेशाच्या मापाने जोखावा, हे आधुनिक हवामानशास्त्राचे तत्त्व त्या कोष्टकात स्पष्ट दिसते.

आधुनिक अर्थाने देशव्यापी मोजणीला प्रारंभ झाला तो आपत्तींमुळे. १८६४ मध्ये एका भीषण चक्रीवादळाने कलकत्त्यात हाहाकार उडविला. त्यानंतर १८६६ आणि १८७१ मध्ये मोसमी पावसाने दगा दिला. ठिकठिकाणी स्वतंत्रपणे चाललेल्या वेधशाळांचे काम एका सूत्रात बांधल्याखेरीज अशा संकटांची आगाऊ चाहूल लागणार नाही, हे ध्यानात आल्यावर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली आणि त्याची सूत्रे हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे सोपविण्यात आली. लगेच पुढच्या वर्षी, १८७६ मध्ये, दक्षिण भारतात व दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ सुरू झाला आणि तो १८७८ पर्यंत टिकला. पावसाच्या नोंदी हा केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय नसून तो लाखो माणसांच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे, ही जाणीव अशा प्रकारे या विभागाला जन्मापासूनच लाभली. विभागाचे मुख्य कार्यालय कलकत्त्याहून १९०५ मध्ये सिमल्यास, १९२८ मध्ये पुण्यास आणि १९४४ मध्ये नवी दिल्लीस हलविण्यात आले.

पर्जन्यमापक

पाऊस मोजण्याचे साधन अगदी साधे असते. त्यात एक नरसाळे, त्याखाली पाणी साठविण्याची बाटली आणि ते पाणी मोजण्यासाठी खुणा केलेले काचेचे मापनपात्र एवढेच भाग असतात. नरसाळ्याचा काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर ठेवतात, म्हणजे जमिनीवर आपटून उडालेले थेंब आत येत नाहीत. आसपास झाडे वा इमारती असल्यास वाऱ्याने तिरपा झालेला पाऊस अडतो, म्हणून जागा मोकळी निवडावी लागते. रोज सकाळी साडेआठ वाजता निरीक्षक बाटलीतील पाणी मोजतो. आदल्या दिवशीच्या साडेआठपासूनच्या २४ तासांचा तो पाऊस होय. तो २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर तो दिवस ‘पावसाचा दिवस’ म्हणून गणला जातो.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी? एक हेक्टर सपाट जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी पडले असे समजावे. हा हिशेब पुढे उपयोगी पडणार आहे.

आता या साधनाची मर्यादा पाहू. प्रचलित पर्जन्यमापकांपैकी एका प्रकाराच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असते. भारतीय मानकाप्रमाणे सपाट प्रदेशात ५२० चौरस किलोमीटरला एक पर्जन्यमापक पुरेसा मानतात. डोंगराळ मुलखात १३० चौरस किलोमीटरला एक असावा अशी अपेक्षा असते. म्हणजे सपाटीवर जो पाऊस आपण मोजला असे म्हणतो, तो त्या प्रदेशाच्या सुमारे २,६०० कोटी भागांपैकी एका भागावर पडलेला असतो. उरलेल्या भागांवरही साधारण तितकाच पडला असावा, हे आपण गृहीत धरतो.

हे गृहीत कित्येकदा फसते. २८ जून २०२४ रोजी सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या २४ तासांत दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत २२८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहरातील पालम वेधशाळेत मात्र तो त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. सफदरजंगची सबंध जून महिन्याची सरासरी सुमारे ७४ मिलिमीटर आहे. याचा अर्थ असा की, त्या एका दिवसाने महिन्याच्या सरासरीच्या तिपटीहून अधिक पाणी ओतले. वर्षअखेरीच्या तक्त्यात तो जून ‘विपुल पावसाचा’ ठरतो, परंतु त्या पावसाचा बराचसा भाग रस्त्यांवरून व गटारांतून वाहून गेलेला असतो. महिन्याच्या एकूण बेरजेवरून पाऊस कसा पडला हे कळत नाही, ही या उदाहरणातून घ्यावयाची पहिली गोष्ट.

सरासरी आणि विचलन

एखाद्या ठिकाणी पाऊस कमी पडला असे म्हणताना आपण मनाशी कोणते तरी प्रमाण धरलेले असते. हवामानशास्त्रात हे प्रमाण अनेक वर्षांच्या नोंदींवरून ठरवितात. भारतात सध्या १९७१ ते २०२० या ५० वर्षांची सरासरी आधारभूत मानली जाते आणि ती ठरविण्यासाठी चार हजारांहून अधिक पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी वापरण्यात आल्या. त्यानुसार जून ते सप्टेंबर या काळातील सबंध देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे. १९६१ ते २०१० या काळासाठी हीच सरासरी ८८ सेंटिमीटर होती. ‘सरासरी’ हे प्रमाणही कालांतराने बदलत असते, हे यावरून दिसून येईल.

प्रत्यक्ष पाऊस आणि सरासरी यांतील फरक सरासरीच्या टक्केवारीत मांडला, की त्याला विचलन म्हणतात. सरासरी २०० मिलिमीटर असताना १५० मिलिमीटर पाऊस झाला, तर विचलन उणे २५ टक्के होते. उपविभागातील पाऊस सरासरीहून २० टक्के ते ५९ टक्के अधिक असेल तर तो ‘अधिक’, ६० टक्के वा त्याहून जास्त असेल तर ‘फार अधिक’ समजतात. अधिक १९ ते उणे १९ टक्क्यांपर्यंत तो ‘सरासरीइतका’ असतो. उणे २० ते उणे ५९ पर्यंत ‘तुटीचा’ आणि उणे ६० ते उणे ९९ पर्यंत ‘मोठ्या तुटीचा’ मानला जातो. या पायऱ्यांवरून देशाच्या नकाशात रंग भरले जातात आणि दर आठवड्याला, गुरुवार ते बुधवार अशा सात दिवसांसाठी, नवा नकाशा तयार होतो.

मोसमातील पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी झाल्यास त्या उपविभागात पर्जन्यदृष्ट्या अवर्षण झाले, असे हवामान विभाग पूर्वापार मानत आला आहे. तूट २६ ते ५० टक्के असल्यास ते मध्यम आणि ५० टक्क्यांहून अधिक असल्यास तीव्र समजतात. सबंध देशाची तूट १० टक्क्यांहून जास्त आणि देशाचा बराच भाग अवर्षणग्रस्त असेल, तर त्या वर्षाला ‘अखिल भारतीय अवर्षणाचे वर्ष’ म्हणत असत. २००२ मध्ये ही तूट १९ टक्के, तर २००९ मध्ये २२ टक्के होती. २०१६ पासून हवामान विभागाने आपल्या पत्रकांत अशा वर्षासाठी ‘अवर्षण’ हा शब्द वापरणे सोडून ‘तुटीचे वर्ष’ असा शब्दप्रयोग सुरू केला. पावसाची तूट मोजणे हे हवामानशास्त्रज्ञाचे काम आहे, तर दुष्काळ जाहीर करणे हे राज्य शासनाचे. या दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवणे इष्टच होते.

सरासरी काय झाकते?

विचलनाची ही पद्धत सोयीची आहे. तिच्यामुळे तीनशे मिलिमीटरहून कमी पावसाच्या पश्चिम राजस्थानची आणि २,८०० मिलिमीटरहून अधिक पावसाच्या कोकणाची तुलना एकाच नकाशावर करता येते. परंतु तिला तीन मर्यादा आहेत आणि त्या नीट समजावून घेतल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा प्रदेशाची. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे १९ किलोमीटरवरील पाचगणीला तो जवळजवळ एक तृतीयांशावर येतो आणि घाट उतरून पूर्वेकडे गेले, की माण-खटावचा कोरडा मुलूख लागतो. ही सर्व ठिकाणे मध्य महाराष्ट्र या एकाच उपविभागात मोडतात. घाटमाथ्यावर मुबलक पाऊस झाला तर उपविभागाची सरासरी सुधारते, पण त्यामुळे माणदेशातील विहिरींना पाणी येत नाही.

दुसरी मर्यादा काळाची. ज्या महिन्याची सरासरीच अल्प असते, त्या महिन्यात टक्केवारी फसवी ठरते. समजा, एखाद्या बेटावर फेब्रुवारीचे सरासरी पर्जन्यमान २० मिलिमीटर आहे आणि एका वर्षी तेथे ४० मिलिमीटर पाऊस झाला. नकाशावर तो ‘फार अधिक’ या रंगात दिसेल. प्रत्यक्षात उष्ण कटिबंधात उघड्या जलाशयातून रोज चार-पाच मिलिमीटर पाण्याची वाफ होत असते. म्हणजे हा ‘फार अधिक’ पाऊस आठ-दहा दिवसांच्या बाष्पीभवनापुरताच असतो.

तिसरी मर्यादा आकारमानाची. देशाची सरासरी काढताना प्रत्येक उपविभागाला त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात महत्त्व देतात. लक्षद्वीपचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस किलोमीटर आहे. एकटा मराठवाडाच त्याच्या सुमारे दोन हजार पट मोठा आहे. देशाच्या सरासरीत लक्षद्वीपचा वाटा एक लाखातील एका भागाएवढाच पडतो. लक्षद्वीपवर एका वर्षी पाऊस अजिबात झाला नाही, तरी अखिल भारतीय आकड्याच्या दशांश स्थळातही त्याची खूण उमटणार नाही. गणिताच्या दृष्टीने यात काही चूक नाही. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार या बेटांवर चौसष्ट हजारांहून अधिक लोक राहतात आणि त्यांना शेजारच्या जिल्ह्यातून टँकर मागविण्याची सोय नाही.

अंदमानचा पाऊस

मे महिन्याच्या उत्तरार्धात दिल्लीतील हवामानशास्त्रज्ञांचे लक्ष अंदमानकडे लागलेले असते. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळात पोहोचण्यापूर्वी अंदमान समुद्रावर दाखल होतात. म्हणून मोसमी पावसाची पहिली वर्दी या बेटांवरूनच मिळते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस संपल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात परतीचे वारे व उपसागरातील वादळे पुन्हा पाऊस आणतात. त्यामुळे वर्षातील सात-आठ महिने येथे पाऊस असतो.

हा द्वीपसमूह उत्तर-दक्षिण सातशे किलोमीटरहून अधिक लांबीवर पसरलेला आहे. मुंबई ते नागपूर सरळ रेषेत जेवढे अंतर आहे त्याहून थोडे अधिकच. अंदमान आणि निकोबार यांच्यामध्ये दहा अंशांची खाडी आहे. पोर्ट ब्लेअर, मायाबंदर, लाँग आयलंड, हट बे, कार निकोबार, नानकौरी अशा मोजक्या ठिकाणच्या वेधशाळांवर या सबंध विस्ताराच्या पावसाचा अंदाज अवलंबून असतो. मधल्या समुद्रावर पर्जन्यमापक ठेवता येत नाही आणि कित्येक बेटांवर मनुष्यवस्तीच नाही.

एवढ्या पावसाचे पाणी जाते कोठे? अंदमानच्या बहुतेक बेटांवर मध्यभागी डोंगरांच्या रांगा असून त्यांचे उतार तीव्र आहेत. ओढे लहान आहेत आणि समुद्र जवळ आहे. डोंगरावर पडलेला पाऊस थोड्याच अवधीत समुद्राला मिळतो. पुष्कळ ठिकाणी खालचा खडक पाणी मुरू देत नाही. पोर्ट ब्लेअर शहराचा पाणीपुरवठा प्रामुख्याने धनीखाडी धरणावर चालतो. डिसेंबरनंतर पाऊस थांबला, की धरणाची पातळी उतरू लागते आणि पुढील पाऊस लांबला तर शहरात पाणी काही दिवसांच्या अंतराने सोडावे लागते. ज्या शहरावर वर्षाला तीन मीटर पाणी कोसळते, तेथे उन्हाळ्यात पाण्याची वाटणी करावी लागते. येथे उणीव असते ती पाणी धरून ठेवणाऱ्या जागेची.

लक्षद्वीपची गोड्या पाण्याची भिंगे

लक्षद्वीपची रचना याहून अगदी वेगळी आहे. प्रवाळांच्या अवशेषांपासून बनलेली ही बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहेत. ३६ बेटांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. येथे नदी नाही, ओढा नाही, डोंगरही नाही. पडलेला पाऊस सच्छिद्र वाळूतून सरळ खाली मुरतो. खाली समुद्राचे खारे पाणी असते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते त्यावर तरंगत राहते आणि भिंगासारखा आकार घेते.

या भिंगाचे गणित डच अभियंता बॅडॉन घायबेन यांनी १८८८ च्या सुमारास आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल, तर त्याखाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असू शकते. प्रत्यक्षात भरती-ओहोटीमुळे दोन्ही पाणी काही अंशी मिसळते आणि लहान बेटांवरील भिंग बरेच पातळ असते. परंतु या नियमाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. विहिरीतून उपसा करून भूजलाची पातळी १० सेंटिमीटरने उतरविली, तर खालचे खारे पाणी सुमारे चार मीटर वर सरकण्याचा धोका संभवतो. पोहऱ्याने पाणी काढण्याच्या दिवसांत हे भिंग टिकून राहत असे. विजेचे पंप आल्यावर थोड्या वेळात पुष्कळ उपसा होऊ लागला आणि विहिरींचे पाणी मचूळ होण्याचा धोका वाढला.

येथे अवर्षण डोळ्यांना दिसत नाही. मराठवाड्यात विहीर आटते आणि तिचा तळ उघडा पडतो. प्रवाळबेटावरील विहिरीत पाणी असतेच, फक्त ते पिण्याजोगे राहत नाही. म्हणून तेथील अवर्षणाचा खरा मापक म्हणजे विहिरीतील पाण्याची क्षारता होय.

आकाशातून पाहणी

जेथे पर्जन्यमापक ठेवता येत नाहीत, तेथे कृत्रिम उपग्रहांचे साहाय्य घेतले जाते. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेल्यापासून भारताला स्वतःच्या उपग्रहावरून ढगांची चित्रे नियमितपणे मिळू लागली. पुढे २०१३ मध्ये इन्सॅट-३डी, २०१६ मध्ये इन्सॅट-३डीआर आणि २०२४ मध्ये इन्सॅट-३डीएस हे उपग्रह सोडण्यात आले. ढगांच्या माथ्यावरून येणारे अवरक्त किरण मोजून त्या माथ्याचे तापमान काढतात. माथा जितका थंड, तितका ढग उंच आणि पावसाची शक्यता जास्त, असा सर्वसाधारण अदमास असतो. उपग्रहाचे हे अंदाज आणि पर्जन्यमापकांच्या प्रत्यक्ष नोंदी यांचा मेळ घालून सबंध प्रदेशाचा चौकटींच्या जाळ्यावरील नकाशा तयार होतो. हवामान विभागाच्या जोडीने दिल्लीलगतच्या नोएडा येथील राष्ट्रीय मध्यम अवधी हवामान पूर्वानुमान केंद्र या कामात सहभागी असते. या केंद्राची स्थापना १९८८ मध्ये झाली.

पिकांच्या अवर्षणाची पाहणी उपग्रहांद्वारे करण्याची देशव्यापी योजना १९८९ मध्ये हैदराबाद येथे सुरू झाली. २०१२ मध्ये दिल्लीत महालनोबिस राष्ट्रीय पीक पूर्वानुमान केंद्र स्थापन झाल्यावर हे काम त्याच्याकडे आले. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि अवरक्त किरण परावर्तित करतात. या दोहोंच्या गुणोत्तरावरून वनस्पतींचा जोम ठरवितात. ज्वारी वा सोयाबीनचे शेत सुकू लागले की हा निर्देशांक उतरतो.

बेटांच्या बाबतीत मात्र दोन्ही पद्धती अपुऱ्या पडतात. इन्सॅटच्या अवरक्त चित्रातील एक ठिपका जमिनीवरील सुमारे चार किलोमीटर लांबी-रुंदीचा असतो, म्हणजे १६ चौरस किलोमीटरचा. लक्षद्वीपची राजधानी कवरत्ती हे बेट चार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. संपूर्ण राजधानी अशा एका ठिपक्यात मावते आणि तरी त्यातील बराचसा भाग समुद्राचाच असतो. वनस्पतींच्या निर्देशांकाचीही तीच गत. माडाची झाडे पाण्याचा ताण बराच काळ सोसू शकतात. विहीर मचूळ झाली तरी माडांचे शेंडे हिरवेच दिसत असतील, तर उपग्रहाच्या दृष्टीने सारे ठीक असते.

अवर्षणाचा निर्णय

अवर्षण ही एक घटना नसून तिच्या तीन पायऱ्या आहेत. प्रथम पाऊस कमी पडतो. त्यानंतर मातीतील ओल घटून पिके सुकतात. शेवटी नद्या, जलाशय व भूजल आटते. या तिन्हींना अनुक्रमे पर्जन्याचे, शेतीचे आणि जलस्रोतांचे अवर्षण असे म्हणता येईल.

महाराष्ट्रातील वाचकांना पैसेवारीची पद्धत परिचित आहे. पिकाचा उतारा ५० पैशांहून कमी आला, की टंचाईची परिस्थिती मानली जात असे. पण उतारा हंगामाच्या शेवटी कळतो, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. केंद्र शासनाच्या कृषी मंत्रालयाने २०१६ मध्ये अवर्षण व्यवस्थापनाची सुधारित नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यानुसार प्रथम पावसाची तूट किंवा लागोपाठ तीन-चार आठवड्यांचा खंड पाहतात. ही पहिली कसोटी लागू झाल्यास पीकपेरा, वनस्पतींचा निर्देशांक, मातीतील ओल आणि जलाशय व भूजल यांची स्थिती तपासतात. त्यानंतर बाधित तालुक्यातील १० टक्के गावे निवडून प्रत्यक्ष पाहणी केली जाते. याच नियमांच्या आधारे महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

ही पद्धत जुन्या पद्धतीहून निःसंशय चांगली आहे. मात्र तिची रचना शेतीप्रधान मुख्य भूमी डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. तिच्या पहिल्या कसोटीला पावसाची तूट लागते. बेटांवर मोसमी पाऊस सरासरीइतका होऊनही नंतरचे कोरडे महिने लांबले, तर टंचाई होऊ शकते. तेथे पीकपेऱ्याला फारसे महत्त्व नाही आणि विहिरीच्या क्षारतेला सर्वाधिक आहे. म्हणून बेटांसाठी वेगळे प्रमाण हवे. शेवटचा भरघोस पाऊस होऊन किती दिवस झाले, धरणात वा टाक्यांत किती दिवसांचे पाणी उरले आहे आणि विहिरीच्या पाण्यात क्षार किती वाढले, हे तीन आकडे दर आठवड्याला मिळाले, तर तेथील संकटाची चाहूल पर्जन्यमानाच्या टक्केवारीपेक्षा कितीतरी आधी लागेल.

इतर समुद्रांतील अनुभव

हा प्रश्न केवळ आपल्या बेटांपुरता नाही. पॅसिफिक महासागरातील तुवालू या प्रवाळबेटांच्या राष्ट्राला सप्टेंबर २०११ मध्ये पाण्याअभावी आणीबाणी जाहीर करावी लागली आणि इतर देशांनी क्षार काढून टाकणारी यंत्रे पाठवून मदत केली. २०१६ च्या प्रारंभी मार्शल बेटांवर तीच वेळ आली. तुवालूचे अवर्षण ‘ला निना’च्या काळातील, तर मार्शल बेटांचे ‘एल निनो’च्या काळातील होते. महासागराच्या पृष्ठाचे तापमान बदलले की पावसाचे पट्टे जागा बदलतात, आणि जे एका बेटाला लाभदायक तेच दुसऱ्याला मारक ठरते. वायुभाराच्या या प्रचंड हेलकाव्याचा शोध लावणारे गिल्बर्ट वॉकर हे १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान विभागाचे प्रमुख होते, आणि भारतातील मोसमी पावसाचे भाकीत करता यावे हाच त्यांच्या संशोधनाचा हेतू होता.

उपाय आणि हिशेब

२००५ मध्ये कवरत्ती येथे समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी मिळविणारे एक संयंत्र सुरू झाले. खोल समुद्रातील थंड पाणी आणि पृष्ठावरील उबदार पाणी यांच्या तापमानातील फरकाचा त्यात उपयोग केलेला आहे. कमी दाबाखाली उबदार पाण्याची वाफ करतात आणि थंड पाण्याच्या साहाय्याने तिचे संघनन करून पुन्हा पाणी मिळवितात. या संयंत्राची क्षमता रोज एक लाख लिटरची आहे. पुढे अशीच संयंत्रे मिनिकॉय व अगत्ती येथे उभारण्यात आली.

याहून साधा उपाय छपराचा आहे. ५० चौरस मीटरचे छप्पर आणि वर्षाला १,५०० मिलिमीटर पाऊस असा हिशेब धरला, तर ७५,००० लिटर पाणी पडते. एक पंचमांश वाया गेले तरी ६०,००० लिटर हाती लागते. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास रोज ५० लिटर पाणी लागते असे मानले, तर कोरड्या १२० दिवसांसाठी ६,००० लिटर पुरतात. म्हणजे छपरावरील पाण्याचा अवघा दहावा भाग साठवू शकणारी टाकी एका कुटुंबाचा उन्हाळा निभावून नेऊ शकते. ही टाकी कोठवर भरली आहे, याची नोंद पर्जन्यमापकाच्या नोंदीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

मुख्य भूमीलाही यातून घेण्यासारखे बरेच आहे. २०१५ च्या मोसमात मराठवाड्यात सुमारे ४० टक्के तूट झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. लातूरला निदान रेल्वे पोहोचू शकली. बेटावरील माणसाला तो मार्गही उपलब्ध नसतो, आणि म्हणून तेथे आगाऊ सूचनेचे मोल अधिक आहे. सरासरी आणि विचलन ही देशाचे सर्वसाधारण चित्र पाहण्यासाठी आवश्यक साधने आहेत आणि दिल्लीतील नकाशा त्यांच्यावाचून तयार होऊ शकणार नाही. परंतु त्या नकाशावर एखादे बेट ‘सरासरीइतका पाऊस’ या रंगात दिसत असताना तेथील विहिरीचे पाणी गोड आहे की खारे, हे त्या बेटावरच जाऊन पाहावे लागते. त्यासाठी दीड शतकाच्या परिश्रमाने उभारलेल्या पर्जन्यमापकांच्या जाळ्याला आता विहिरी, टाक्या आणि धरणे यांच्या नियमित नोंदींची जोड देणे आवश्यक आहे.